सुरक्षेच्या नावाने दुसरी कपात



कापसाची पट्टी हातात आली की आपण आधी काय बघतो? किती कापले ते. हमाली किती, तोलाई किती, एकेका आकड्याचा जाब विचारतो. तोच शेतकरी पंपावर डिझेल घेतो, एसटीत बसतो, तेव्हा मुकाट्याने पैसे मोजतो. कपात तिथेही आहे. तिचे नाव 'अधिभार', आणि ती तुमच्याच रक्षणासाठी आहे असे सांगितले जाते.

2015 चा दुष्काळ आठवा. ज्वारीचे कणीस भरले नाही, कपाशीची बोंडे गळाली. त्या ऑक्टोबरपासून राज्य सरकारने दुष्काळ निवारणासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 2 रुपये अधिभार वाढवला. ज्याचे शेत वाळले, त्यानेच ट्रॅक्टरच्या डिझेलवर स्वतःच्या मदतीचे पैसे भरायचे! 2016 ला पाऊस बरा झाला. दुष्काळ उतरला, अधिभार उतरला नाही.

रेल्वेचे बघा. 2001 साली 17,000 कोटींचा विशेष सुरक्षा निधी निघाला. त्यातले 5,000 कोटी तिकिटावर सुरक्षा अधिभार लावून प्रवाशांकडून घ्यायचे ठरले. जुने रूळ, पूल, सिग्नल बदलायचे होते. बैल म्हातारा होणार हे शेतकऱ्याला कळते. रूळ झिजणार हे रेल्वेला कळत नव्हते? रूळ झिजत होते तेव्हा ती भाडे घेतच होती.

2017 साली पुन्हा एक लाख कोटींचा रेल संरक्षा कोष. या वेळी तिकिटावर अधिभार नव्हता. बहुतेक पैसा केंद्राच्या तिजोरीतला, म्हणजे तुमच्याआमच्या करांतला. वर रेल्वेने स्वतःच्या कमाईतून दर वर्षी 5,000 कोटी घालायचे. डिसेंबर 2022 मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला. पहिल्या चार वर्षांत रेल्वेच्या 20,000 कोटींपैकी 15,775 कोटी आलेच नव्हते. आणि कोषातून खरेदी कशाची? क्रोकरी, फर्निचर, पाय दाबायची यंत्रे! पुढच्या सहा महिन्यांत, 2 जून 2023 ला, बालासोरला 290 वर माणसे मेली. चौकशीत सिग्नलच्या कामातल्या चुका निघाल्या.

एसटीने एप्रिल 2016 पासून अपघात सहाय्यता निधीसाठी तिकिटामागे 1 रुपया घ्यायला सुरुवात केली. प्रवासी दगावला तर वारसाला 10 लाखांपर्यंत मदत. ही रक्कम निदान प्रवाशाच्याच घरी जाते, हे मान्य. पण मेल्यानंतरचा दर ठरला. मरू नये म्हणून ब्रेक, टायर, रस्ते यांवर काय खर्च झाला, तो हिशेब कोणत्या आगारात लावला आहे?

सरकारी पंडित म्हणतील, जो वापरतो त्याने पैसे द्यावेत. आम्ही फुकट काही मागत नाही. प्रवासाचे भाडे देऊ, डिझेलचा भाव देऊ. पण माणसाचा जीव राखणे ही दुकानातली वस्तू नव्हे. सरकार नावाची गोष्ट त्याच कामासाठी असते, आणि त्यासाठी काडेपेटीपासून खतापर्यंत आपण कर भरतोच. मूळ काम करायचे नाही आणि त्याच कामाची दुसरी कपात लावायची, हा कोणत्या बाजाराचा न्याय? शिवाय 2015 चा तो अधिभार माणूस बघत नव्हता. कोरडवाहू शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला लिटरमागे 2 रुपये होते, बंगलेवाल्याच्या मोटारीलाही 2 रुपयेच होते.

जिल्हा बैठकीत ठराव करू:

1. सुरक्षेच्या किंवा संकटाच्या नावाने लावलेल्या प्रत्येक अधिभारावर संपण्याची तारीख छापा. तारीख उलटली की वसुली बंद.

2. पैसा वेगळ्या खात्यात ठेवा. जमा किती, खर्च कशावर, हे दर वर्षी विधिमंडळात आणि प्रत्येक आगारात, स्टेशनात, पंपावर लावा.

3. दुष्काळाच्या नावाने घेतलेल्या पैशाचा जिल्हावार हिशेब द्या.

अडत्याची पट्टी तपासणारा शेतकरी सरकारची पट्टीही तपासू शकतो. बैठकीला येताना तिकिटे आणि डिझेलच्या पावत्या खिशात घेऊन या.