आधी संमती, मग पायाभरणी

कारखाना उभा राहिल्यावर त्याच्या सांडपाण्याचा विचार करावा, की तो विचार झाल्याखेरीज कारखान्याची पहिली वीटच बसू देऊ नये, हा प्रश्न कोणाही व्यवहारी माणसाला विचारण्याजोगा वाटणार नाही. विहीर कोठे खणावयाची आणि उकिरडा कोठे ठेवावयाचा, हे घर बांधण्यापूर्वीच पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु कुटुंबाच्या कर्त्याला जो प्रश्न पडत नाही, तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला एकाच वर्षात दोनदा हाताळावा लागला. आधी बांधकाम आणि मागाहून पर्यावरण-मंजुरी, हा प्रकार न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी बेकायदा ठरविला. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय दोन विरुद्ध एक अशा बहुमताने मागे घेतला. कोट्यवधी रुपये खर्चून उभी राहिलेली कामे पाडावी लागतील, ही चिंता या फेरविचारामागे होती. या चिंतेतच साऱ्या रोगाचे मूळ आहे, असे आमचे मत आहे.

न्यायालयापुढील वाद मोठ्या प्रकल्पांना लागणाऱ्या मंजुरीचा होता. परंतु लहानमोठ्या बहुतेक कारखान्यांच्या वाटेवरचा नाका म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती होय. या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. जलप्रदूषणाविरुद्धचा कायदा राज्याने १९६९ मध्येच केला आणि १९७० च्या सप्टेंबरात मंडळ स्थापन केले. संसदेचा कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. हवेसंबंधीचा १९८१ साली. जल कायद्याच्या पंचविसाव्या कलमाची भाषा निःसंदिग्ध आहे. सांडपाणी निर्माण करणारा उद्योग उभारणे तर राहोच, तो उभारण्याच्या दिशेने पाऊल टाकण्यासही पूर्वसंमती हवी. या कलमाच्या भंगास दीड ते सहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सांगितली आहे. पुढे यंत्रे चालू करताना दुसरी संमती घ्यावी लागते. पण खरा निर्णय पहिल्या संमतीच्या वेळीच व्हावयाचा असतो.

नंदुरबार जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे या 'पूर्व' शब्दाची किंमत कळते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे येथील शंभरांपैकी सुमारे एकोणसत्तर माणसे आदिवासी. केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशातील दूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली, तीत महाराष्ट्राचे ५३ पट्टे होते आणि त्यांत तापी, शहाद्याची गोमाई व नवापूरची रंगावली ही तिन्ही नावे होती. मात्र गोमाई आणि रंगावली या पाच वर्गांपैकी सर्वांत सौम्य अशा पाचव्या वर्गात होत्या. सांडपाण्यातील घाण कुजताना पाण्यातील किती प्राणवायू खाते, त्याचे माप म्हणजे 'बीओडी'. स्नानयोग्य पाण्यात ते लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत चालते. पाचव्या वर्गातील नद्यांत ते ३ ते ६ असते. म्हणजे या नद्यांनी रोगाचा उंबरठा नुकताच ओलांडला होता. या दूषणात शहरांच्या गटारांचा वाटा असतो, हेही विसरून चालणार नाही. परंतु जी नदी अजून वाचविता येते, तिच्या काठी नव्या कारखान्याला जागा देताना दुप्पट सावध असावयास नको काय?

एक हिशेब पाहावा. उसाच्या मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवनीच्या कच्च्या सांडपाण्याचे हेच माप लिटरला चाळीस हजार मिलिग्रॅमच्या घरात असते. नदीत सोडावयाच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा आहे ३०. हे पाणी कोठे साठवावयाचे, टाकीच्या तळाला अस्तर कसले, उतार नदीकडे की शेताकडे, शेजारच्या वस्तीची विहीर किती हातांवर, हे सारे प्रश्न जागेचे आहेत. आणि जागा कारखाना उभा राहिल्यावर बदलता येत नाही. नदीपासून विवक्षित अंतराच्या आत प्रदूषक उद्योगांना मज्जाव करणारे राज्याचे नदी-नियमन धोरण २०१५ साली रद्द झाले. तेव्हापासून तर जागेचा प्रश्न विचारण्याचे मुख्य ठिकाण ही संमतीच उरली आहे.

आणि कारखाना एकदा उभा राहिला, की प्रश्न सांडपाण्याचा राहत नाही. तो पोटाचा होतो. ऊसतोडीसाठी दरवर्षी गुजरातची वाट धरणाऱ्या कुटुंबाला गावाजवळ रोजगार मिळाला, तर तो बंद करा असे सांगण्यास कोणता अधिकारी धजेल? कर्ज देणारी बँक, ऊस घालणारा शेतकरी आणि रोजंदारीवरचा मजूर हे सारे त्या दिवसापासून कारखान्याचे ओलीस होतात. मग मंडळ नोटिसा काढते, मुदती वाढविते; नदी तशीच वाहत राहते. बैल गेला आणि झोपा केला, या म्हणीचा याहून स्वच्छ अर्थ दुसरा नसेल.

उद्योजकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. खेटे घालावे लागतात, कागदात कागद अडकतो, लहान माणूस कंटाळतो, ही तक्रार सर्वस्वी खोटी नाही. म्हणूनच निरुपद्रवी उद्योगांना २०१६ पासून पांढऱ्या वर्गात घालून संमतीच्या जाचातून सोडविण्यात आले, ते योग्यच झाले. दिरंगाईवरही कायद्याने उपाय योजला आहे. परिपूर्ण अर्जावर चार महिन्यांत होय वा नाही असे न कळविल्यास, संमती बिनशर्त मिळाली असे मानले जाते! उद्योजकाच्या सोयीचा हा नियम नदीच्या दृष्टीने मात्र भयंकर आहे. अधिकाऱ्याच्या मौनाचा दंड काठावरच्या गावाने भरावा, असा त्याचा अर्थ होतो. तेव्हा मंडळाकडे माणसे पुरेशी हवीत आणि उत्तर मुदतीत हवे. शीघ्रता आणि कठोरता यांत वैर नाही. वैर आहे ते ढिलाईशी.

दुर्लक्षाचे फळ पाहण्यास फार दूर जावयास नको. शहादे, तळोदे, अक्कलकुवा यांवरून जाणारा रस्ता अंकलेश्वरला पोहोचतो. केंद्रीय मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचे प्रदूषण मोजले, तेव्हा याच अंकलेश्वरला ८८.५० असे सर्वांहून अधिक गुण पडले होते. त्याच अंकलेश्वरच्या औषध-कारखान्यांच्या प्रकरणात, मागाहून मंजुरी ही कल्पनाच पर्यावरणाच्या न्यायशास्त्राला परकी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० रोजी सांगितले. तोवर ते कारखाने वर्षानुवर्षे चालले होते. त्या रस्त्याने उद्योग इकडे यावेत, अशी आमचीही इच्छा आहे. त्यांच्याबरोबर ती कीर्ती येऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.

यासाठी नवा कायदा नको. संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवावी आणि त्या सांडपाण्याची झळ लागणाऱ्या कोणाही व्यक्तीला ती पाहता यावी, असे पंचविसाव्या कलमातच लिहिले आहे. किती गावकऱ्यांना हा हक्क ठाऊक आहे? या जिल्ह्याचा बहुतेक भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि तेथील ग्रामसभांचे अधिकार १९९६ च्या कायद्याने व राज्याच्या २०१४ च्या नियमांनी मान्य केले आहेत. मग संमतीचा प्रत्येक अर्ज मराठीतून ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, निर्णयापूर्वी ग्रामसभेत वाचला जावा आणि चार महिन्यांची मुदत कोणत्या दिवशी संपते तेही त्यावर लिहिले जावे, ही मागणी जगावेगळी म्हणता येईल काय?

शहरातील वाचकाला हे दूरच्या जिल्ह्याचे गाऱ्हाणे वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याच्या चहातली साखर अशाच एखाद्या नदीकाठी तयार होते, आणि तापी पुढे उकाईहून सुरतेला जाते. तेथे लक्षावधी घरांतून तेच पाणी प्यावयाचे असते. उद्योगाला 'नाही' म्हणण्याचा अधिकार समाजाला फक्त एकदाच मिळतो, आणि तो पाया खणण्यापूर्वी. तो क्षण मुकाट्याने जाऊ देणाऱ्यांना पुढे नदीसाठी अश्रू ढाळण्याचा अधिकार उरत नाही.