दगडफूल, बर्फ आणि आपली काळविटं

मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल आपल्या घरांत सगळ्यांच्या ओळखीचं. बिर्याणीत ते पडलं नाही तर अम्मीला लगेच कळतं. खरं तर ते फूल नाही. बुरशी आणि शेवाळ एकत्र राहून झालेली ती वाढ आहे. कॅनडातलं कॅरिबू हे हरीण हिवाळ्यात बरंचसं याच्याच भाऊबंदांवर जगतं. बर्फ भुसभुशीत असला की खुरांनी उकरून खातं. पण ऐन थंडीत पाऊस पडून तो गोठला की वर कडक थर बसतो आणि खाली अन्न असूनही तोंड पोचत नाही. २०१३ च्या नोव्हेंबरात रशियाच्या यामल भागात असंच झालं. त्या हिवाळ्यात साठ हजारांहून जास्त पाळीव रेनडिअर उपासमारीने मेले. रेनडिअर आणि कॅरिबू एकाच जातीचे.

नांदेड-लातूरला बर्फ कुठला? पण आपल्या काळविटाचंही ऋतूशी असंच झगडणं चालतं. त्याचं मुख्य खाणं गवत. पावसाळ्यात माळावर कोवळं गवत मिळतं, तेव्हा ते कुणाच्या डोळ्यांत येत नाही. दिवाळीनंतर कुसळी वाळते. तिने पोट भरतं, अंगी लागत नाही. नेमका तेव्हाच शेतात हरभरा, ज्वारी कोवळी असते. रोही झाडपाल्यावरही भागवते, काळविटाला ते तितकं जमत नाही. उन्हाळ्यात वेड्या बाभळीच्या गोड शेंगा मिळतात; पण त्यांच्या बिया लेंड्यांतून पडून उगवतात आणि गवताचीच जागा जाते.

शेतकऱ्याचा राग खोटा नाही. कोवळा हरभरा कळपाने खाल्ला तर घरातलं वर्षाचं गणित बिघडतं. पूर्वी रब्बीच्या पिकाभोवती करडईचे तास घालत. काट्यांमुळे जनावर आत शिरायला कचरे, वर घरचं तेल मिळे. करडई मागे पडली, आणि काही जण आता कुंपणात वीज सोडतात. त्यात माणसंही मरतात. काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. नुकसान झालं तर वन विभागाकडे ताबडतोब अर्ज द्यावा, पंचनामा करून घ्यावा. उशीर झाला की भरपाई अडकते.

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. अशा दुष्काळात गुरांसाठी छावण्या उघडतात, हरणं मात्र पाण्यासाठी रानोमाळ फिरतात आणि कठडा नसलेल्या विहिरीत पडतात. आपल्या शेतात अशी विहीर असेल तर होळीच्या आधी तिच्याभोवती निदान काटेरी फांद्या तरी रचून घ्या.