जोडीतली एक गेली की दुसरीही जाते

मैत्रिणींनो, ‘मुलींना खेळू द्या’ ही भाषाच मला पटत नाही. ‘द्या’ म्हटलं की देणारा आला, आणि देणारा आला की काढून घेणाराही तोच.

पुण्याच्या तारा, सुंदर आणि सुमन देवधर या बहिणींनी 1940च्या दशकात बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, दुहेरीचीसुद्धा. वडील क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर. देवधर करंडक सगळ्यांना ठाऊक; या मुलींची नावं आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहेत? कौतुक करतानाही आपण म्हणतो, ‘वडील पुढारलेले होते.’ होतेच. पण दुहेरीला दोघी लागतात. सख्ख्या बहिणी असल्या तर एका बापाची परवानगी पुरते. दोन घरांतल्या मुली असतील तर दोन घरांची मर्जी आणि दोन घरांची अब्रू जुळावी लागते. एकीचं लग्न ठरलं की दुसरीचाही खेळ संपतो.

पुढे काळ बदलला म्हणावं, तर 2012 साली महाराष्ट्राच्या तरुण दुहेरीपटू प्राजक्ता सावंत यांना राष्ट्रीय सराव शिबिरात जागा मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. म्हणजे एक तर बाप भला असावा, नाहीतर कोर्टात जाण्याची हिंमत असावी. या दोन्हींच्या मधे साधा हक्क नावाची काही गोष्ट आहे की नाही?

मी धसई परिसरात काम करते. 2016 साली हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. मनात आणलं की दुकानादुकानांत यंत्रं येतात. मुलींच्या खेळाचं कोणी मनात आणलं आहे?

आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, ‘आधी पाणी, मग खेळ.’ शहापूरच्या तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात पाड्यांवरच्या मुली हंडे वाहतात, हे खरंच आहे. पण त्याच टंचाईत त्यांचे भाऊ संध्याकाळी क्रिकेट खेळतात. टंचाई फक्त मुलींचाच खेळ कशी थांबवते? कारण प्रश्न नुसता पाण्याचा नाही, मुलीच्या वेळेवर मालकी कोणाची, हा आहे. खेळ म्हणजे तिचा स्वतःचा, कोणाच्याही कामी न येणारा तास. घराला सलतो तो हाच तास.

म्हणून ग्रामसभेत उभं राहून मागू या. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला 10 टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी असतो. त्यातून मुलींच्या खेळाचं साहित्य घ्या. खेळाचा तास शाळेच्या वेळेतच ठेवा, म्हणजे शेवटची एसटी चुकणार नाही. हंडा भावाच्याही डोक्यावर द्या. आणि जोडीतल्या एकीचं शाळकरी वयात लग्न ठरलं, तर दोघींच्याही घरी जाऊ या. कारण तिथे एक नव्हे, दोन मुली घरी बसवल्या जात असतात.