पहाटे पाचला उठवून हा आजार जात नाही

"पोट्टे रात्रभर मोबाईल पाहतात, दहाला उठतात आणि मग म्हणतात बायपोलर. महिनाभर पहाटे पाचला उठवून वावरात न्या, सगळं जाते!" मोर्शीतल्या एका सत्काराला आलेल्या पाहुण्यांचं हे निदान. त्यावर टाळ्या पडल्या, याचा मला जास्त राग आला.

मोबाईलच्या उजेडाने झोप लांबते, हे मान्य. पण वयात येताना शरीराचं घड्याळ आपोआपच पुढे सरकतं. तो आळस नव्हे. सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका म्हटलं. घड्याळ खरं सरकतं ते आठवी-दहावीत, आणि तीच मुलं वाऱ्यावर.

आणि वावरात न्या म्हणजे? पोरगा रात्री तिथेच होता! कृषिपंपाची लाईन पाळीपाळीने रात्रीची. सौर योजनेची दिवसाची वीज अजून सगळीकडे पोचलेली नाही. संत्र्याच्या आंबिया बहराचा ताण तोडायचा, बाप थकलेला, म्हणून पोरगाच थंडीत बॅटरी घेऊन ओलिताला निघतो. संत्र्याचं एक आळं भरलं की फावड्याने दांड फोडून पाणी पुढच्या झाडाला वळवायचं. मधेच फेज गेला की पुन्हा विहिरीवर. निरोगी मुलगा हे जागरण दुसऱ्या दिवशी भरून काढतो. ज्याला बायपोलर आहे, त्याला अशा चार रात्री उन्मादात ढकलू शकतात. मग झोपेची गरजच वाटत नाही. तीन तास झोपून तो ताजातवाना, बोलणं थांबत नाही, कोणाला न विचारता ट्रॅक्टर बुक करून येतो. पाहुण्यांच्या मोजमापाने हाच सुधारलेला मुलगा, कारण तो पहाटे पाचला जागा असतो! नैराश्यात बारा तास अंथरुणात पडला की तोच आळशी. 'बाहेरचं लागलं' म्हणणाऱ्यांशी भांडण्यात माझी वर्षं गेली. आता हे शिकलेले.

उठण्या-झोपण्याची वेळ रोज एकच हवी, पण औषधाच्या जोडीला. लिथियमचा या आजारावरचा उपयोग १९४९ पासून माहीत आहे. ते रक्त तपासत घ्यायचं, मनाने बंद करायचं नाही. अमरावतीला डॉक्टरकडे लगेच जाणं होत नसेल तर सरकारच्या टेलिमानस हेल्पलाईनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. अशा मुलाला रात्रीच्या ओलिताला पाठवू नका. आणि दिवसा वीज मागणाऱ्या निवेदनात पिकासोबत पोरांची झोपही लिहा.