स्वच्छतेला वास असतो का?

‘हात फिरे तिथे लक्ष्मी वसे’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. म्हण करणाऱ्याने हात म्हटले आहे, बाटली म्हटलेले नाही. परंतु आज शहरातल्या बेताच्या घरातही न्हाणीघराच्या फळीवर बाटल्यांची रांग दिसते. फिनेल असते, संडासाचे ॲसिड असते, आणि २०२० सालच्या करोनाच्या साथीपासून पुष्कळ घरांत त्यांच्या शेजारी ब्लीचही येऊन बसले आहे. साथ ओसरली, ब्लीच मात्र राहिले. रोज फरशीच्या बादलीत त्याचे एक झाकण पडल्याशिवाय घर स्वच्छ झाले असे अनेकांना वाटतच नाही. घर स्वच्छ ठेवायला या ब्लीचची खरोखर गरज आहे काय, एवढाच प्रश्न मला येथे मांडायचा आहे.

विषय ऐकून माझ्या मैत्रिणी हसल्या. वार्षिकांकात कोणी साहित्यावर लिहितो, कोणी बेकारीवर. फरशीवर काय लिहायचे? परंतु माझी आई सांगलीत चार घरी धुणीभांडी आणि केरफरशी करते. त्या चार घरांच्या फरशीवर आमची चूल पेटते आणि माझी फीही भरली जाते. त्यामुळे हा विषय मला हलका वाटत नाही. शिवाय आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणून बाटलीवरची बारीक इंग्रजी अक्षरे वाचण्याचे काम माझ्याकडेच येते.

प्रथम ब्लीचचे श्रेय ब्लीचला दिले पाहिजे. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाण्यातले द्रावण. घरगुती बाटलीत त्याचे प्रमाण साधारण तीन ते सहा टक्के असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीनने कापड पांढरे करण्याची युक्ती शोधली, आणि पॅरिसजवळच्या जाव्हेल या गावी असे पाणी तयार होऊ लागले. तोपर्यंत युरोपात ताग्यांचे तागे महिनोन् महिने उन्हात पसरून ठेवावे लागत. म्हणजे ब्लीचचा जन्म कापड पांढरे करण्यासाठी झाला. जंतू मारण्याचा त्याचा गुण नंतर लक्षात आला.

तो गुण फार मोठा आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्या कक्षातील शंभरांतील अठरा बाळंतिणी दगावत होत्या. उन्हाळ्यात ते प्रमाण दोनांच्या आसपास आले. नवल असे की, प्रेतांचा वास हातांवरून या पाण्याने उत्तम जातो, म्हणून त्याने ते निवडले होते. जंतूंचा सिद्धांत अजून मान्य व्हायचा होता. आपल्या खेड्यांतही ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टाकतो ती टी.सी.एल. पावडर ब्लीचचीच सख्खी बहीण. एक हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली पावडर पुरते आणि तेवढ्यावर पटकी, हगवण यांसारखे रोग दाराबाहेर राहतात. अशा वस्तूला नावे ठेवण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

मग आक्षेप कशाला? आक्षेप असा की, आपण दोन निरनिराळ्या कामांची गल्लत केली आहे. घाण काढणे हे एक काम आणि जंतू मारणे हे दुसरे. ब्लीच दुसरे काम करते, पहिले करत नाही. तेलकट ओटा ब्लीचने पुसा, तेल तिथेच राहील. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला धरते आणि दुसरे पाण्याला, म्हणून साबण घाणीला उचलून पाण्याबरोबर वाहून नेतो. त्या घाणीबरोबर बहुतेक जंतूही जातात. करोनाच्या विषाणूभोवतीचे स्निग्ध आवरणसुद्धा साध्या साबणाने फुटते.

उलट घाण समोर असली की ब्लीचचीच शक्ती संपते. त्याला माती, अन्न, शेण आणि जंतू यांत फरक कळत नाही. जे भेटेल त्याच्याशी ते झगडते आणि खर्च होऊन जाते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले होते. मी तेव्हा शाळेत होते. पाणी उतरल्यावर घराघरांत घोटाभर चिखल होता. आमच्या गल्लीने पहिल्यांदा फावड्याने चिखल ओढला, मग खराट्याने आणि पाण्याने भिंती-फरश्या घासल्या, आणि सर्वांत शेवटी पावडर टाकली. चिखलावरच पावडर टाकली असती तर चिखल फक्त पांढरा झाला असता. पुराने शिकवलेला हा क्रम आपण कोरड्या दिवसांत मात्र विसरतो. पाहुणे येणार म्हटले की रस्त्याच्या कडेने पावडरीची पांढरी रेघ मारली जाते आणि रेघेपलीकडचे गटार तुंबलेलेच असते. गाडगेबाबांच्या हाती खराटा होता, तो उगीच नव्हे.

कोणी म्हणेल, ‘फरशी आधी पुसून मग ब्लीच लावले तर काय बिघडले?’ बिघडत नाही, परंतु मिळते काय? पहिल्या चपलेबरोबर अंगणातली माती पुन्हा आत येते. रोग बहुधा फरशीवरून पोटात जात नाही. तो हातांवरून, पाण्यातून आणि उघड्या अन्नातून जातो. फरशीला रोज जंतुनाशक आणि जेवायला बसताना हात मात्र नुसते ओले करायचे, हा उलटा न्याय झाला. रांगते मूल घरात असेल तर फरशी जपायलाच हवी; पण त्या मुलाच्या तळहाताला साबणपाण्याने पुसलेली फरशी बरी, की ब्लीच वाळून राहिलेली?

म्हणून जुने ते सर्व सोने, असेही मला म्हणायचे नाही. शेणाच्या सारवणाने धूळ बसते, जंतू मरत नाहीत. राखेत क्षार असतो म्हणून भांड्याचे तेल निघते आणि चिंचेत आम्ल असते म्हणून पितळ उजळते, परंतु चिंचेने संडास निर्जंतुक होणार नाही. गोष्ट ज्या कामाची, त्या कामाला ती वापरावी, एवढेच माझे सांगणे.

आता वासाकडे वळते. मी एकदा आईला विचारले की, रोज ब्लीच कशाला टाकायला सांगतात? ती म्हणाली, “वास आल्याबिगर त्यास्नी फरशी पुसल्यागत वाटत न्हाई बघ.” या एका वाक्यात मला सगळे उत्तर मिळाले. फरशी घासली की नाही हे मालकिणीला वाकून पाहावे लागते. वास मात्र दारातूनच कळतो. वास म्हणजे काम झाल्याची पावती. वस्तुतः स्वच्छ जागेला वास नसतो. पोहण्याच्या तलावाचा जो उग्र वास आपण स्वच्छतेचा समजतो, तोसुद्धा बऱ्याच अंशी क्लोरीन आणि माणसांचा घाम-लघवी यांच्या संयोगातून निघतो.

या पावतीची किंमत कोण देतो? बाटलीचे पैसे मालकीण देते; बाकीची किंमत पुसणारीच्या हातांवर वसूल होते. आईच्या बोटांची कातडी सोलवटलेली असते. चार घरांत चार वेळा तेच पाणी. हातमोजे एकाही घरी नाहीत. मागच्या वर्षी एका घरी संडास धुवायला ॲसिड आणि ब्लीच अशा दोन्ही बाटल्या तिच्या हाती दिल्या गेल्या. “दोन्ही टाका मावशी, लख्ख निघेल.” सांगणाऱ्यांच्या मनात वाईट काहीच नव्हते. दुसरी बाटली पडताच आईचा घसा आवळला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती भिंत धरून बाहेर पडली. दोन रात्री ती खोकत होती. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला होता तो हाच वायू. इतिहासाच्या तासाला आपण हे नाव पाठ करतो आणि तोच वायू टीचभर खिडकीच्या संडासात तयार होऊ शकतो, हे आपल्याला कोणी सांगत नाही. अमोनिया असलेल्या द्रवातही ब्लीच मिसळले तर असाच विषारी वायू निघतो.

मार्च २०२० मध्ये बरेलीत, गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर हायपोक्लोराइटचे पाणी फवारले गेले. पुढच्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सांगावे लागले की, माणसांवर असे फवारे मारू नयेत. त्याने उपयोग नाही आणि अपाय आहे. जंतूंच्या भीतीपोटी आपण कोणाच्या कातडीचा विचार करत नाही, हे त्या दिवशी उघडे पडले. आमच्या चार घरांत तेच रोज थोडे थोडे घडते.

तेव्हा माझे मत असे: ब्लीच घरात औषधासारखे असावे. घरात कोणाला जुलाब-उलट्या झाल्या, रक्त सांडले, पुराचे किंवा गटाराचे पाणी आत आले, तर ते जरूर काढावे. आधी जागा साबणाने धुवावी. मग पाच टक्क्यांच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे एकोणपन्नास भाग असे ताजे पाणी करून, खिडकी उघडून, हातमोजे घालून लावावे. दहा मिनिटे राहू द्यावे आणि साध्या पाण्याने पुसून घ्यावे. इतर दिवशी केरसुणी, साबण, पाणी, कोरडे फडके आणि ऊन पुरे आहे. फडके उन्हात वाळवले तर निम्मे काम तिथेच होते, कारण ओल्या फडक्यात जंतू वाढतात.

आपले महाविद्यालय कला शाखेचे. रसायनशास्त्राचा आणि आपला संबंध दहावीनंतर सुटला. पण हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही, वाचता येणे लागते. बाटलीवर ‘दुसऱ्या द्रवात मिसळू नये’ असे छापलेले असते. ते इंग्रजीत असते, मुंगीएवढ्या अक्षरात असते, आणि ज्यांच्या हाती बाटली असते त्यांना बहुधा वाचता येत नाही. आपल्याला येते. आपल्या वसतिगृहातही सकाळी सहाला मावशी येतात आणि आपण उठायच्या आत व्हरांडे पुसून जातात. त्यांच्या बाटल्यांवर ठळक मराठीत चिठ्ठ्या लावणे आणि वर्गणी काढून त्यांना हातमोज्यांचे दोन जोड घेऊन देणे, हे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची वाट न पाहता आपण करू शकतो. चिठ्ठ्या लिहायला मी तयार आहे. प्राध्यापकांपैकी कोणी परवानगीचे तेवढे पाहावे.

आणि एक विनंती. ज्यांच्या घरी मावशी येतात त्यांनी फरशीचा वास घेऊ नये. वाकून कोपरा पाहावा. कोपरा स्वच्छ असेल तर काम झाले आहे.