खुरपे, दोरा आणि जठराचा कर्करोग



रोवणीच्या दिवसांत पोटात जळजळू लागले की आपण काय करतो? दुकानातून गोळी आणतो आणि म्हणतो, "रोवणी आटोपू द्या, मग पाहू." रोवणी संपते, निंदण येते, मग कापणी. धानावर खोडकिडा दिसला तर दुसऱ्याच दिवशी आपण कृषी सहायकाला गाठतो; स्वतःच्या पोटाची चौकशी मात्र वर्षभर करीत नाही. म्हणून आज पिकाऐवजी पोटाविषयी.

जठराचा कर्करोग सुरुवातीला आतल्या पातळ अस्तरापुरताच असतो. तेव्हा काहीच दुखत नाही, किंवा साधे अपचन वाटते. तोंडावाटे दुर्बीण घालून पाहिल्यावरच तो सापडतो. याच अवस्थेत सापडला आणि खोल गेलेला नसला, तर बहुधा पोट न फाडता काढता येतो.

ते कसे? पऱ्हे काढण्याआधी आपण बांधीत पाणी भरतो, म्हणजे मुळे सैल होतात. तसेच डॉक्टर त्या डागाखाली औषधी पाणी टोचतात. अस्तर फुगून वर येते. मग दुर्बिणीतूनच विजेच्या बारीक सुरीने भोवती कापून तो थर सोलून काढतात. ही पद्धत जपानात १९९० नंतरच्या दशकात तयार झाली.

पण बांधावरची हरळी खुरप्याने सोलताना डावा हात तिचे टोक वर उचलून धरतो, तेव्हाच खुरपे नीट चालते. जठरात डावा हात कोठून आणणार? त्यावर साधी युक्ती निघाली. थराच्या कडेला बारीक चिमटा लावायचा, त्याला दोरा बांधायचा आणि तो तोंडावाटे बाहेर आणून हलके ओढायचा. दोरा कोणता, तर दातांच्या फटी साफ करण्याचा! थर उचलला की खालच्या रक्तवाहिन्या दिसतात. जपानातील सुमारे ६४० रुग्णांवरील पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. सरासरी वेळ फारसा वाचला नाही. पण जठराला भोक पडण्याचे प्रकार कमी झाले.

आपल्याकडे हे काम मोजक्या केंद्रांतच होते. हैदराबादची एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी त्यांपैकी एक. पण रोग मुळापर्यंत गेल्यावर ही युक्ती चालत नाही. मग मोठी शस्त्रक्रिया, औषधे आणि लांबलेला खर्च.

तेव्हा एवढे लक्षात ठेवा. अपचन दोन-तीन आठवड्यांत हटले नाही, भूक मरून वजन उतरू लागले, घास अडकू लागला, वारंवार उलटी होऊ लागली किंवा अंगातले रक्त कमी झाले, तर जिल्हा रुग्णालय गाठा आणि दुर्बिणीच्या तपासणीविषयी विचारा. रक्ताची उलटी झाली किंवा शौचास डांबरासारखी काळी झाली, तर त्याच दिवशी जा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचास काळी होते. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत न्या आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते, ते आरोग्यमित्राला विचारा.

आणि खर्रा? तोंडाच्या कर्करोगाचे आपल्याला ठाऊक आहे. पण तंबाखू जठरालाही सोडत नाही. बिडी तर नाहीच नाही. जठरात राहणारा एक जंतूही या रोगाचे मोठे कारण आहे. डॉक्टरांनी त्यावर औषध दिले, तर बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका.

रोवणी चार दिवस मागे पडली तर शेजारी हात लावतील. पोटाचे दुखणे मागे टाकले, तर त्याला शेजाऱ्याचा हात पुरत नाही.

पुढील अंकी पुन्हा आपल्या धानाकडे वळू.