चिन्हं मोजू नका, माइक बाहेर काढा

होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायला गेलात की विक्रेता आधी खोक्यावरची चिन्हं दाखवतो. डॉल्बी अ‍ॅटमॉस आहे, डीटीएस:एक्स आहे, अजून काय पाहिजे? माझी विनंती एवढीच, की त्या चिन्हांवर भाळून जास्तीचे पैसे मोजू नका. अ‍ॅटमॉस 2014 पासून घरगुती रिसीव्हरमध्ये आहे आणि आज बेताच्या किमतीतही मिळतं. शिवाय डिस्कवरचा बांधलेला आवाज सोडवायचा कसा, हे डॉल्बीनं ठरवून दिलेलं असतं. स्पीकर तेच आणि तसेच मांडलेले असतील, तर डेनॉन घ्या की यामाहा, पडद्यावरचं हेलिकॉप्टर त्याच कोपऱ्यातून येणार.

फरक पडतो तो आवाज सोडवून झाल्यावर.

सगळ्यात मोठा फरक खोलीनुसार आवाज सुधारण्यात. आपल्या हॉलमध्ये खाली गुळगुळीत फरशी, एका बाजूला काचेचं सरकतं दार, बाकी उघड्या भिंती. समोरासमोरच्या भिंतींत 12 फुटांचं अंतर असेल तर साधारण 47 हर्ट्झचा खर्ज तिथं घुमतो, आणि मग प्रत्येक स्फोट एकसारखाच ‘धुम्म’ वाजतो. रिसीव्हर सोबत आलेल्या माइकनं हे मोजतो आणि तो फुगवटा कापतो. या कामासाठी डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी असतं, यामाहात वायपीएओ, काही ओंक्योंमध्ये डिरॅक. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग मॉडेलांतही इथंच तफावत असते: ऑडिसीची साधी आवृत्ती सहा जागी मोजते, एक्सटी32 आठ जागी, आणि तिची दुरुस्ती कितीतरी बारीक असते. दुकानात विचारायचं ते हे.

आता कबुली देतो. माझ्या पहिल्या रिसीव्हरचा माइक दोन वर्षं खोक्यातच पडून होता. तुम्ही तसं करू नका. पंखे बंद करा, घरात कुकर लागलेला नाही ना ते बघा, आणि माइक सोफ्यावर न टेकवता तिपाईवर, कानाच्या उंचीला ठेवा. मोजणी झाली की एकदा स्पीकरांची यादी तपासा. रिसीव्हर पुष्कळदा लहानशा स्पीकरलाही ‘लार्ज’ ठरवून मोकळा होतो. सबवूफर असेल तर तिथं ‘स्मॉल’ करा आणि 80 हर्ट्झच्या खालचं काम सबवूफरकडे जाऊ द्या.

दुसरा फरक दोन चॅनेलचे पाच-सात करण्यातला. डॉल्बी सराउंड नावाचा मोड संवाद बहुतेक मधल्या स्पीकरवर ठेवतो. डीटीएसचा न्यूरल:एक्स आवाज जास्त मोकळ्या हातानं आजूबाजूला आणि वर उधळतो. यामाहाच्या सिनेमा डीएसपीची तऱ्हाच निराळी. खऱ्या सभागृहांत मोजलेले प्रतिध्वनी तो आवाजात मिसळतो. मैफलीच्या रेकॉर्डिंगला ते कधी शोभतं. बातम्या ऐकताना मात्र निवेदक विहिरीत बसलाय असं वाटतं. आणि जुना मराठी चित्रपट मोनोत असेल तर डॉल्बी सराउंड तो जवळपास सगळा मधल्याच स्पीकरवर देईल. मागचे स्पीकर गप्प बसले म्हणून ते बिघडलेत असं समजू नका. दोन्ही चॅनेलांत एकच आवाज असताना मागं पाठवायला वेगळं काही नसतंच.

रात्री संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा आणि पुढच्याच हाणामारीला शेजाऱ्यांनी दार ठोठावावं, हे टाळणारी नाइट मोडसारखी सोय बहुतेक रिसीव्हरमध्ये असते. ती वापरा, लाजू नका.

आणि घरात रिसीव्हर आधीच असेल तर आज रात्री एक करा. ओटीटीवर 5.1 किंवा अ‍ॅटमॉस लिहिलेला चित्रपट लावा आणि रिसीव्हरवर काय उमटतं ते वाचा. ‘स्टिरिओ’ किंवा ‘पीसीएम 2.0’ दिसलं, तर टीव्ही तुम्हाला दोनच चॅनेल देतोय आणि मागून येणारा आवाज रिसीव्हरनं स्वतःच्या अंदाजानं बनवलेला आहे. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जा, ‘पीसीएम’ काढून ‘पासथ्रू’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ निवडा, आणि तोच प्रसंग पुन्हा लावून बघा.